स्पॅनिश हिप-हॉप : स्वभाषिक श्रोत्याचा शोध आणि त्याची फलश्रुती

१. प्रास्ताविक

कोणतीही कला कोणाला उद्देशून आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर तिचे रूप बऱ्याच अंशी अवलंबून असते. महाराष्ट्रातील संतांनी संस्कृतऐवजी मराठीत रचना केली तेव्हा केवळ शब्द बदलले नाहीत, तर श्रोता बदलला; आणि श्रोता बदलल्यामुळे छंद, दृष्टान्त आणि विषयही बदलले. भाषानिवड ही अशा रीतीने वाङ्मयीन तसेच सामाजिक कृतीही ठरते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅरिबियन प्रदेशात असाच एक प्रश्न एका अगदी वेगळ्या कलाप्रकाराच्या संदर्भात उभा राहिला. हा कलाप्रकार म्हणजे हिप-हॉप होय.

हिप-हॉप ही इंग्रजी भाषिक कृष्णवर्णीय अमेरिकनांची निर्मिती, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र आज या कलाप्रकारातील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या कलावंतांत केवळ स्पॅनिशमध्ये गाणाऱ्यांचा समावेश होतो. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यात जनगणना, रेडिओ, ध्वनिफिती व पोलीस यंत्रणा यांचा वाटा कोणता आणि स्पॅनिशच्या अंगभूत गुणांनी त्यास कसा हातभार लावला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे. इंग्रजी श्रोत्याची मनधरणी करण्याऐवजी स्वभाषिक श्रोत्याशी त्याच्या बोलीत संवाद साधल्यामुळेच या कलावंतांना व्यापक मान्यता मिळाली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

हिप-हॉप ही चार अंगांनी युक्त अशी नागर संस्कृती मानली जाते : तबकड्या फिरवून संगीत साधणारा डीजे, तालावर शब्द म्हणणारा रॅपर, ब्रेकडान्स हे नृत्य आणि ग्राफिटी म्हणजे भित्तिचित्रण. रॅप हे त्यापैकी शाब्दिक अंग होय. रेगेटॉन हा प्रकार हिप-हॉपशी निगडित असला तरी एकरूप नाही. जमैकन डान्सहॉलचा ताल, पनामातील स्पॅनिश रेगे आणि न्यू यॉर्कचे रॅप यांच्या संयोगातून तो पोर्तो रिकोत आकारास आला.

‘लॅटिन’ ही संज्ञाही सावधपणे वापरणे आवश्यक आहे. मेक्सिकन वंशाचा लॉस एंजेलिसचा रहिवासी, न्यू यॉर्कमधील पोर्तो रिकन आणि मायामीतील क्यूबन यांचा इतिहास, वर्ण व बोली भिन्न आहेत. या सर्वांना एका नावाखाली आणण्याचे काम शासकीय जनगणनेने व संगीत उद्योगाने केले. १९८० च्या अमेरिकन जनगणनेत हिस्पॅनिक मूळ आहे किंवा कसे, हा प्रश्न प्रथमच सर्व नागरिकांना विचारण्यात आला. म्हणजे हा समूह एक ‘श्रोतृवर्ग’ म्हणून ओळखला जाण्यापूर्वी एक ‘आकडा’ म्हणून अस्तित्वात आला होता.

३. ब्राँक्समधील सहभाग : माणसे होती, भाषा नव्हती

हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स विभागात डीजे कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने वाजवलेल्या संगीताच्या कार्यक्रमापासून मानण्याची प्रथा आहे. या विभागात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन कुटुंबे शेजारी शेजारी राहत होती. पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ मध्ये अमेरिकन नागरिकत्व मिळाले होते व दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे मोठ्या प्रमाणावर न्यू यॉर्ककडे स्थलांतर झाले. सत्तरच्या दशकात आगी, बेरोजगारी आणि शासकीय उपेक्षा यांनी हा परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्याची झळ दोन्ही समाजांना सारखीच लागली.

साहजिकच नव्या कलेतही दोघांचा वाटा होता. कोल्ड क्रश ब्रदर्स या गटाचा डीजे चार्ली चेस, रॉक स्टेडी क्रू या नृत्यगटातील क्रेझी लेग्ज आणि १९८३ च्या ‘वाइल्ड स्टाइल’ या चित्रपटात प्रमुख भूमिका करणारा भित्तिचित्रकार ली किन्योनेस हे तिघेही पोर्तो रिकन वंशाचे होते. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. तबकडी, नृत्य आणि चित्र या अंगांत भाषेची अडचण येत नाही. म्हणून तेथे पोर्तो रिकन तरुण सहज वावरले. शब्दप्रधान अशा रॅपमध्ये मात्र इंग्रजी हीच मान्य भाषा राहिली. घरात स्पॅनिश आणि रस्त्यावर इंग्रजी अशी या पिढीची विभागणी झाली होती. हुआन फ्लोरेस व राकेल रिव्हेरा या अभ्यासकांनी पुढे या विस्मृत सहभागाची सविस्तर नोंद केली.

४. द्विभाषिक टप्पा

१९८१ मध्ये द मीन मशीन या गटाने ‘डिस्को ड्रीम’ या तबकडीत इंग्रजीसोबत स्पॅनिशचा वापर केला. स्पॅनिश रॅपच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत तिची गणना होते. या वाटेला खरे यश लाभले ते १९९० च्या सुमारास आणि तेही न्यू यॉर्कपासून दूर, कॅलिफोर्नियात. क्यूबात जन्मलेल्या मेलो मॅन एसचे ‘मेंतिरोसा’ आणि मेक्सिकन वंशाच्या किड फ्रॉस्टचे ‘ला रासा’ ही दोन्ही गाणी १९९० मध्ये गाजली. फ्रॉस्टने पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतील ‘कालो’ ही मिश्र बोली प्रथमच मोठ्या श्रोतृवर्गापुढे आणली.

या टप्प्यावरील भाषामिश्रण दुहेरी स्वरूपाचे होते. आपल्या माणसांना ओळख पटावी म्हणून स्पॅनिश आणि बाजाराने दार उघडावे म्हणून इंग्रजी, अशी ती तडजोड होती. सायप्रस हिल या लॉस एंजेलिस परिसरातील गटाचा ‘ब्लॅक संडे’ हा १९९३ चा संग्रह बिलबोर्ड नियतकालिकाच्या प्रमुख यादीत थेट पहिल्या स्थानावर आला, परंतु त्याची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती. आपल्या गाण्यांचा स्पॅनिश संग्रह या गटाने १९९९ मध्ये, म्हणजे कीर्ती प्राप्त झाल्यानंतर काढला. ब्राँक्सच्या बिग पनचा ‘कॅपिटल पनिशमेंट’ हा १९९८ चा संग्रह प्लॅटिनम मानांकन मिळवणारा लॅटिनो एकल रॅपरचा पहिला संग्रह ठरला. तोही इंग्रजीतच होता. लॅटिनो कलावंताला शिखर गाठता येत होते, पण स्पॅनिशला दाराबाहेर ठेवून.

५. पर्यायी मार्ग : पनामा आणि पोर्तो रिको

याच काळात दुसरी एक परंपरा इंग्रजी बाजाराची पर्वा न करता वाढत होती. पनामा कालव्याच्या बांधकामासाठी कॅरिबियन बेटांवरून गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी जमैकन रेगेला स्पॅनिश शब्द दिले. एल हेनेराल हा पनामी गायक १९९० च्या आसपास या प्रकाराचा सर्वांत परिचित चेहरा होता. जमैकन गायक शॅबा रँक्सच्या ‘डेम बो’ या गाण्याचा ताल या मार्गाने पुढे पोर्तो रिकोत पोहोचला आणि रेगेटॉनचा कणा बनला.

पोर्तो रिकोत स्पॅनिश रॅपचा पाया व्हिको सी याने घातला. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या आणि सान हुआनमध्ये वाढलेल्या या रॅपरने ऐंशीच्या दशकातच स्पॅनिश रॅप रचण्यास प्रारंभ केला. त्याच्या पाठोपाठ नव्वदच्या दशकात डीजे प्लेयेरोच्या ध्वनिफिती आणि सान हुआनमधील ‘द नॉइज’ हा क्लब यांच्याभोवती तरुण कलावंतांचा एक मेळा जमला. घरगुती साधनांवर मुद्रित झालेल्या, प्रती काढून हातोहाती विकल्या जाणाऱ्या या संगीतास ‘अंडरग्राउंड’ असेच नाव होते. त्यास रेडिओ नव्हता व कंपनी नव्हती; होता तो केवळ सरकारी गृहवसाहतींतील श्रोता. इंग्रजी श्रोत्यासाठी अर्थ उलगडून सांगण्याची गरजच नसल्यामुळे या गाण्यांची भाषा वस्तीतल्या बोलण्याइतकीच अनावृत राहिली.

शासनाने मात्र या संगीताकडे गुन्ह्याचा पुरावा म्हणून पाहिले. गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांच्या कारकिर्दीत १९९३ पासून ‘मानो दुरा’ म्हणजे ‘कठोर हात’ हे धोरण अवलंबण्यात आले. गृहवसाहतींत पोलिसांसोबत नॅशनल गार्डचे सैनिक शिरले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सान हुआनमधील दुकानांवर छापे घालून अश्लीलतेच्या कारणास्तव या ध्वनिफिती जप्त करण्यात आल्या. २००२ मध्ये सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी या गाण्यांतील व चित्रफितींतील अश्लीलतेविरुद्ध सुनावण्या घेतल्या. आक्षेपांत तथ्यांश नव्हता असे म्हणता येणार नाही. अनेक गाण्यांत हिंसा आणि स्त्रीदेहाचे बाजारीकरण होते. परंतु कारवाईचा रोख गाण्यांइतकाच ती गाणाऱ्या वस्त्यांवर होता, हेही तितकेच खरे आहे. छाप्यांमुळे हे संगीत थांबले नाही. उलट ज्यांनी ते ऐकले नव्हते, त्यांनाही त्याचे नाव ठाऊक झाले.

६. श्रोत्याची गणना

२००० च्या जनगणनेने अमेरिकेतील हिस्पॅनिक लोकसंख्या ३ कोटी ५३ लाख असल्याचे दाखवले. एकूण लोकसंख्येच्या १२.५ टक्के. पाच वर्षांवरील सुमारे २ कोटी ८१ लाख व्यक्ती घरी स्पॅनिश बोलत होत्या. जाहिरातदारांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट होता. आजवरची स्पॅनिश रेडिओ केंद्रे प्रौढ स्थलांतरितांना आवडणारी प्रादेशिक व भावगीतपर गाणी लावत. अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुले इंग्रजी केंद्रांकडे वळली होती. या मुलांसाठी स्वतंत्र केंद्र नव्हते.

ही पोकळी रेगेटॉनने भरून काढली. टेगो काल्देरोनच्या ‘एल अबायार्दे’ या २००२ च्या संग्रहाने या प्रकाराला वैचारिक वजन दिले. २००४ मध्ये डॅडी यँकीचा ‘बार्रिओ फिनो’ हा संग्रह आला आणि त्यातील ‘गासोलिना’ हे गाणे अनेक देशांत पोहोचले. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्यूस्टनमध्ये दीर्घकाळ रॉक संगीत प्रसारित करणारे केंद्र ‘हर्बन’ स्वरूपात, म्हणजे नागर हिस्पॅनिक श्रोत्यासाठी, परिवर्तित झाले. २००५ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका केंद्राने तोच मार्ग धरला. येथे निवेदक दोन भाषांत बोलत, गाणी मात्र प्रामुख्याने स्पॅनिश असत. ज्या तरुणांना स्पॅनिश ही आजीची भाषा वाटत होती, त्यांना ती समवयस्कांची भाषा म्हणून ऐकू येऊ लागली. ‘गासोलिना’ची २०२३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत नोंद झाली, हा मान मिळालेले ते पहिले रेगेटॉन गीत होय.

७. भाषिक विशेष

स्पॅनिश रॅप हे इंग्रजी रॅपचे भाषांतर नव्हे, हे त्याच्या छंदोरचनेवरून स्पष्ट होते. इंग्रजीत आघात महत्त्वाचे मानले जातात, तर स्पॅनिशमध्ये प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो. स्पॅनिश शब्द तुलनेने लांब असल्याने तेवढाच आशय सांगण्यास अधिक अक्षरे लागतात व रॅपरला ती जलद उच्चारावी लागतात. स्पॅनिश रॅपच्या सलग, धावत्या लयीचे एक कारण येथे आढळते.

यमकाच्या बाबतीत स्पॅनिश संपन्न आहे. बहुसंख्य शब्द स्वरान्त, अथवा मोजक्याच व्यंजनांनी संपणारे. शिवाय स्पॅनिश काव्यात मध्ययुगापासून स्वरयमकाची परंपरा आहे. ‘कासा’ (घर) आणि ‘कामा’ (खाट) या शब्दांत व्यंजने भिन्न असूनही स्वरसाम्यामुळे ते यमक ठरते. यमक इतके सुलभ असल्याने केवळ यमक साधणे हे कौशल्य मानले जात नाही. श्लेष, अनपेक्षित प्रतिमा आणि बोलीचा नेमका वापर यांवर रॅपरची पारख होते.

कॅरिबियन बोलीने या साधनसामग्रीत भर घातली. या बोलीत शब्दान्तीचा ‘स’ गळतो आणि ‘र’च्या जागी अनेकदा ‘ल’ येतो. त्यामुळे ‘आमोर’ (प्रेम) हा शब्द ‘आमोल’ असा उच्चारला जाऊन ‘सोल’ (सूर्य) याच्याशी पूर्ण यमक जुळवतो. शाळेत अशुद्ध ठरवले गेलेले हे उच्चार रॅपमध्ये सामर्थ्य ठरले. माद्रिद वा बोगोता येथील प्रमाणभाषेचा मान बाजूला ठेवून सान हुआनच्या वस्तीतील बोली अन्य देशांतील तरुण अनुकरणीय मानू लागले, ही भाषाभ्यासकांनी दखल घ्यावी अशी घटना आहे.

शीघ्रकवित्वाची जुनी परंपराही या कलेच्या मुळाशी आहे. ‘देसिमा’ हा अष्टाक्षरी दहा चरणांचा, निश्चित यमकबंध असलेला रचनाप्रकार पोर्तो रिको, क्यूबा, मेक्सिको आणि चिली येथे आजही प्रचलित असून दोन कवी समोरासमोर उभे राहून त्यात उत्स्फूर्त रचना करतात. कलगी-तुऱ्याचा सामना परिचित असलेल्या मराठी वाचकास त्याचे मर्म सहज उमगेल. २००५ मध्ये सुरू झालेली स्पॅनिश रॅपरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि ब्युनोस आयर्समधील एका उद्यानाच्या पायऱ्यांवर २०१२ ते २०१७ या काळात भरणारा ‘एल किंतो एस्कालोन’ हा मेळावा हे त्या परंपरेचे नवे रूप म्हणता येईल. दुकी व वोस हे अर्जेंटिनाचे आजचे नामवंत रॅपर याच मेळाव्यातून पुढे आले.

८. अन्य प्रदेशांतील विस्तार

लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या मेक्सिकन बंधूंच्या आक्विद या जोडीने २००३ मध्ये मेक्सिकोच्या वाद्यवृंदाचे संगीत रॅपशी जोडले. आईवडिलांचे संगीत आणि स्वतःचे संगीत एकाच गाण्यात आणण्याचा तो प्रयत्न होता. चिलीतील लष्करी राजवटीमुळे देशोधडीला लागलेल्या मातापित्यांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेल्या आना तिजू हिने रॅपला आत्मचरित्राचे व राजकीय भाष्याचे परिमाण दिले. क्यूबात प्रथम संशय, मग आश्रय आणि पुन्हा संघर्ष असा क्रम दिसतो. १९९५ पासून हवानाजवळ रॅप महोत्सव भरू लागले व २००२ मध्ये शासनाने रॅपसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये मात्र ‘पात्रिया इ व्हिदा’ म्हणजे ‘मातृभूमी आणि जीवन’ हे गीत क्रांतीच्या ‘मातृभूमी किंवा मृत्यू’ या घोषणेला उत्तर म्हणून आले आणि निदर्शकांच्या तोंडी बसले. त्यातील एक रॅपर माइकेल ओसोर्बो यास २०२२ मध्ये नऊ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. स्वभाषिक श्रोत्याशी थेट बोलण्याची किंमत कोठे कोठे अशीही मोजावी लागते.

९. केंद्रस्थानी स्पॅनिश

२०१७ मध्ये लुईस फोन्सी व डॅडी यँकी यांचे ‘देस्पासितो’ हे गीत बिलबोर्डच्या प्रमुख यादीत १६ आठवडे अग्रस्थानी होते; तथापि त्या यशात जस्टिन बीबर या इंग्रजी गायकाच्या सहभागाचा वाटा होता. अशा आधाराची गरज उरलेली नाही, हे बॅड बनी या पोर्तो रिकन कलावंताने सिद्ध केले. त्याचा २०२० च्या अखेरचा संग्रह बिलबोर्डच्या संग्रहयादीत प्रथम स्थान मिळवणारा पहिला संपूर्ण स्पॅनिश संग्रह ठरला. २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षे स्पॉटिफाय या सेवेवर तो जगातील सर्वाधिक ऐकला गेलेला कलावंत होता. आंतरजालावरील श्रवणसेवांमुळे मेक्सिको, स्पेन, कोलंबिया आणि न्यू यॉर्क येथील श्रोत्यांची एकत्रित संख्या थेट मोजली जाऊ लागली. इंग्रजी रेडिओच्या मध्यस्थीची आवश्यकता संपली.

यशाचा राजकीय अर्थ २०१९ मध्ये प्रकटला. गव्हर्नर रिकार्दो रोसेयो व त्यांचे सहकारी यांचे अवमानकारक खासगी संदेश उघड झाल्यावर पोर्तो रिकोत प्रचंड निदर्शने झाली. काये १३ या गटाचा माजी रॅपर रेसिदेन्ते, त्याची गायिका बहीण इले व बॅड बनी यांनी त्या दिवसांत एकत्र गाणे प्रसिद्ध केले आणि ते मोर्चात सहभागीही झाले. ऑगस्टमध्ये गव्हर्नर पायउतार झाले. ज्यांच्या कारकिर्दीत १९९५ साली ध्वनिफिती जप्त झाल्या, त्या पेद्रो रोसेयो यांचे हे पुत्र होत. जप्त झालेल्या संगीताचे वारसदार एका पिढीनंतर शासनाला जाब विचारत होते.

तरीही मान्यता पूर्ण झाली, असे म्हणणे घाईचे ठरेल. फेब्रुवारी २०२३ मधील ग्रॅमी सोहळ्यात बॅड बनीच्या सादरीकरणावेळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील अक्षरपट्टीत गीताचे शब्द न देता केवळ ‘इंग्रजीतर भाषेत गायन’ अशा आशयाची सूचना झळकली आणि त्यावर टीका झाली. कोट्यवधी नागरिकांच्या भाषेचे नाव न घेता तिची ओळख नकारातून करून देण्यात आली होती. बॅड बनीने २०२५ मध्ये सान हुआनमध्ये केलेली कार्यक्रमांची प्रदीर्घ मालिका या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. तिचे पहिले नऊ प्रयोग केवळ पोर्तो रिकोच्या रहिवाशांसाठी राखीव होते. जगाने ऐकायचे असेल तर येथे यावे, असा त्याचा अर्थ घेता येतो.

१०. अनुत्तरित प्रश्न

या वाटचालीची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय पनामी, जमैकन आणि पोर्तो रिकन कलावंतांनी उभारलेल्या या प्रकाराचा आर्थिक लाभ उजळ वर्णाच्या कलावंतांना अधिक मिळाला, अशी टीका होत आली आहे. टेगो काल्देरोनने २००७ मध्ये वृत्तपत्रीय लेखाद्वारे लॅटिन समाजातील वर्णभेदावर स्पष्ट बोट ठेवले होते. रेगेटॉनच्या मूळ तालावरील हक्कासाठी जमैकन निर्मात्यांनी २०२१ मध्ये न्यायालयात धाव घेतली. स्त्री कलावंतांची वाटही बिकट राहिली. ‘द नॉइज’च्या पुरुषप्रधान वर्तुळातून पुढे आलेल्या आयव्ही क्वीनने नृत्यास होकार म्हणजे देहास होकार नव्हे, हे आपल्या गाण्यातून ठणकावले, पण तिच्यासारखी नावे दीर्घकाळ अपवादच राहिली.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) हिप-हॉपमधील लॅटिनो सहभाग आरंभापासूनचा आहे. नवीन आहे ती स्पॅनिशला मिळालेली प्रतिष्ठा.

(२) द्विभाषिक टप्प्याने दार किलकिले केले, परंतु निर्णायक बदल घडवला तो इंग्रजी बाजारापासून दूर, हस्तांतरित ध्वनिफितींवर वाढलेल्या परंपरेने.

(३) जनगणना, रेडिओ व श्रवणसेवा यांनी हा श्रोता निर्माण केला नाही. आधीपासून असलेल्या श्रोत्याची त्यांना उशिरा जाणीव झाली.

(४) प्रमाणभाषेने हिणवलेली बोली हीच या कलेची मुख्य शक्ती ठरली.

(५) भाषिक न्याय मिळाला म्हणून वर्ण व लिंग यांबाबतचा न्याय आपोआप मिळत नाही.

आपली बोली बाजारात चालणार नाही, या भीतीने भाषा बदलणाऱ्या समाजांना या इतिहासातून एक गोष्ट शिकता येईल. सान हुआनच्या वस्त्यांतील तरुणांनी जगाला समजेल असे बोलण्याचा हट्ट धरला नाही. शेजाऱ्याला पटेल असे बोलण्याचा धरला. जग नंतर आले.